काठाची रेषा

माझ्या काकांना मी आयुष्यात एकदाच तोंडावर वेडं म्हटलं, आणि ते शब्द मी अजून मागे घेतलेले नाहीत. त्या वेळी त्यांच्यापेक्षा जास्त किळस मला ज्यांची आली होती ती माणसं समोर नव्हती, काका समोर होते. घरात असंच होतं. बाहेरच्यांचा राग घरच्यांवर निघतो, कारण बाहेरचे भेटायला वेळ देत नाहीत.

काका नदीचं पाणी मोजायचे. ही त्यांची नोकरी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन भिंतींच्या मधून एक बोळ होता, बोळ संपला की बारा दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीशेजारी पाण्यात उभी केलेली लोखंडी मोजपट्टी. सकाळी आठ वाजता काका त्या पट्टीवरचा आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. संध्याकाळी सहाला पुन्हा. एकतीस वर्षं. लोक त्यांना पट्टीवाले म्हणायचे. काही जण तोंडावर म्हणायचे, काही पाठीमागे, पण म्हणायचे सगळेच.

या नोकरीत एकच नियम होता आणि तो काकांच्या हाडात मुरला होता. जे दिसतं तेच लिहायचं. अंदाज लिहायचा नाही, सरासरी काढायची नाही, कालच्यावरून आजचं ठरवायचं नाही. सरासरी काढणारे, रेषा आखणारे लोक वरच्या कार्यालयात वेगळे बसतात. एकदा काकांना ताप भरला आणि संध्याकाळचा आकडा चुकला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ आले, म्हणाले, अहो, पाणी काही हललेलं नाही, कालचाच आकडा टाका नि मोकळे व्हा. काकांनी तो चौकोन कोराच ठेवला. वरिष्ठ चिडून गेले. काकूने मला ही गोष्ट शंभर वेळा तरी सांगितली असेल, आणि सांगताना दर वेळी तिचा चेहरा असा व्हायचा की हिला नवऱ्याचा अभिमान वाटतोय की वैताग आलाय ते मला कधी कळलं नाही.

काकू रोज सकाळी त्यांच्याबरोबर नदीवर जायची. तिच्या खुब्याचं हाड लहानपणापासून वाकडं. जमिनीवर चालताना तिचं अर्धं अंग एका बाजूला झुकायचं, दहा पावलांवर घाम यायचा. पण पायऱ्यांशी नदीचा तळ वाळूचा होता, हळूहळू उतरत जाणारा. पाणी छातीला आलं की काकू सरळ व्हायची. मी पाहिलंय. छातीभर पाण्यात ती तुमच्या-माझ्यासारखी चालायची, वीस पावलं तिकडे, वीस पावलं इकडे, तासभर. ती पोहायची नाही, चालायची. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं की पाण्यातलं चालणं सोडलंत तर पाय आखडत जाणार. गावच्या तलावाला उभी लोखंडी शिडी आहे, ती काकूला उतरता येत नाही. तेव्हा पाणी म्हणजे तिच्यासाठी ही नदीच, आणि नदी म्हणजे त्या बारा पायऱ्या.

काका निवृत्त झाले आणि सरकारने पुलाच्या खांबावर एक यंत्र बसवलं. ते आपलं आपण मोजतं, आपलं आपण कळवतं. मोजपट्टी उपटून नेली. आणि त्याच वर्षी बोळाच्या दोन्ही बाजूंची जमीन एका रिसॉर्टवाल्याने घेतली.

या माणसाबद्दल मला फार काही लिहायचं नाही, कारण लिहिताना हात धुवावेसे वाटतात. त्याने बोळाच्या तोंडाशी लोखंडी दार बसवलं. गल्लीतले पाच-सहा जण विचारायला गेले तर त्याने सगळ्यांना गार सरबत पाजलं आणि सांगितलं की इतकी वर्षं हा रस्ता सरकारी माणसासाठी होता, आता सरकारचं इथे काही काम उरलेलं नाही. म्हणजे काकांच्या पावलांनी जो रस्ता चालू राहिला होता तो काका घरी बसले म्हणून बंद झाला. सरबत पिऊन आलेल्यांपैकी दोघांना पुढे तिथेच नोकरी लागली. बाकीचे मूग गिळून बसले.

पोलीस म्हणाले, हे आमचं काम नाही. जमीन कचेरीतला माणूस म्हणाला, पाणी सरकारचं आहे हे नक्की, पण काठ कोणाचा आणि पाण्याखालचा तळ कोणाचा हे कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही. जुन्या कागदात एक आहे, नव्यात दुसरं, आणि तिसरीकडे काहीच नाही. ज्याच्याकडे वकील आहे त्याचा काठ, एवढाच त्याचा अर्थ. काका तिथे चार महिने खेटे घालत होते. इकडे काकू घरात खाटेपासून ओट्यापर्यंत भिंत धरून चालायला लागली होती. तिसऱ्या वर्षी तिला धरायला भिंतही पुरेना, मग कुबडी आली.

याच सुमारास नद्यांचं विधेयक आलं. मी विधिमंडळाच्या समिती विभागात टंकलेखक आहे, त्यामुळे ते बाहेर येण्याआधी माझ्या हाताखालून गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टायपिंगचा आनंद झाला. त्यात तीन कलमं कामाची होती. पहिलं, नदीच्या पाण्यावर कोणालाही नाव नेता येईल, पोहता येईल. दुसरं, पाण्याखालच्या तळावर कोणालाही उभं राहता येईल. तिसरं, पाण्याच्या नेहमीच्या रेषेपर्यंतचा काठ सगळ्यांना चालायला मोकळा राहील. बस. इतकं मंजूर झालं असतं तर रिसॉर्टवाल्याचं दार कायद्यानेच उघडलं असतं.

मी काकांकडे जाऊन सांगितलं तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांनी कपाटातून इस्त्रीचे कपडे बाहेर काढले. विधेयकाला पाठिंबा म्हणून त्यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. घरोघर गेले. पाचव्या मजल्यापर्यंत जिने चढले. चारशे बारा सह्या झाल्या, आणि मग या गृहस्थांनी त्यातल्या अकरा स्वतःच्या हाताने खोडल्या, कारण ती माणसं आता दुसऱ्या गावी राहायला गेली होती. मी म्हटलं, काका, कोण बघायला बसलंय. ते म्हणाले, "मी बसलोय ना."

समितीने साक्षीला बोलावलं. त्या दालनाचं वर्णन करायचं तर तिथे इतका गारठा असतो की सदस्य कोट घालतात आणि साक्षीदार कुडकुडतात. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. नदीच्या पाण्याची चर्चा चाललेली आणि सगळे बंद बाटलीतलं पाणी पीत होते. मी कोपऱ्यात बसून कामकाज उतरवत होते. हे माझे काका आहेत, असं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला तिथे बसू दिलं नसतं.

काका चांगलं बोलले. बोळ, पायऱ्या, लोक पट्टीवाले म्हणतात तेही, बंद दार, सगळं तारखांसकट सांगितलं. काकूबद्दल फक्त एक वाक्य बोलले, की माझ्या पत्नीला पाण्यात चालता येतं आणि जमिनीवर येत नाही. एका सदस्याने तोंडाशी नेलेली बाटली खाली ठेवली. मला वाटलं, जिंकलो.

मग एक सदस्य बोलायला लागले. आमच्या विभागात त्यांना खडीसाखर म्हणतात. त्यांना कधी आवाज चढवावा लागत नाही. त्यांनी काकांसाठी गरम चहा मागवला, त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेचं कौतुक केलं, अशी माणसं आता राहिली नाहीत असं म्हणाले. काकांचे कान लाल झाले. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाचं असंच होतं. मग खडीसाखरेने अगदी सहज विचारलं, "आता तुम्हीच सांगा पट्टीवाले, तुमच्याइतकं या नदीला कोण ओळखतं? पाण्याची नेहमीची रेषा कुठे असते?"

काकांनी विचार केला. मी पेन धरून मनातल्या मनात त्यांना सांगत होते, तिसरी पायरी म्हणा, चौथी म्हणा, काहीतरी म्हणा.

"नेहमीची अशी नसते साहेब," काका म्हणाले. "रोजची असते. काल होती ती आज नसते."

"म्हणजे अशी रेषा ठरवता येणार नाही?"

"ते मी नाही सांगू शकत. मी वाचणारा. ठरवणारे वेगळे."

खडीसाखर हसले, आभार मानले आणि त्यांनी काकांना दारापर्यंत पोचवलं. मी ते सगळं शब्दाला शब्द उतरवलं. तेच माझं काम. तेवढ्या ओळीशी माझं पेन अडलं होतं, पण मी स्वतःला समजावलं की एवढ्याशा वाक्याचं कोण काय करणार.

तीन आठवड्यांनी अहवाल टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. सातव्या पानावर होतं. "सन्माननीय साक्षीदारांच्या प्रदीर्घ अनुभवाचा पूर्ण आदर राखून समितीचे असे मत झाले आहे की, पाण्याची नेहमीची रेषा अशी कोणतीही गोष्ट अस्तित्वात नसल्याने कलम तीन अमलात आणणे अशक्य आहे." कलम तीन वगळलं. तळाची मर्यादा काठापासून मोजावी लागते, आणि काठच ठरत नाही, म्हणून कलम दोनही वगळलं. वर नवीन एक ओळ घातली होती की काठ आणि तळ यांवरचे मालकांचे हक्क अबाधित राहतील. पहिलं कलम तेवढं राहिलं. नदीवर सर्वांचा हक्क.

मी ते टाइप केलं. कोणी म्हणेल, नकार द्यायचा होतास. मी नाही दिला. मला पगार हवा होता आणि माझ्याऐवजी दुसरीने ते दहा मिनिटांत टाइप केलं असतं. मी दोन वेळा तपासलं, एकही चूक नव्हती. नंतर स्वच्छतागृहात जाऊन साबणाने हात धुतले, आरशात स्वतःकडे बघवलं नसतं म्हणून दिवा न लावताच.

त्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले आणि म्हटलं, "काका, तुम्ही वेडे आहात."

त्यांना सगळं सांगितलं. सातवं पान तोंडपाठ झालं होतं, तेही म्हणून दाखवलं. काका म्हणाले, मी खोटं काय बोललो? मी म्हटलं, कुठे खोटं बोललात, खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं. त्या लोकांना नदीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना एक वाक्य हवं होतं, ते तुम्ही चहा पिऊन त्यांच्या हातात दिलंत. मी आणखीही बरंच बोलले. तोंडाला येईल ते बोलले. काका हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले.

काकू पलंगावर बसून होती. ती मला म्हणाली, "पुरे. त्यांना दुसरं बोलता आलं नसतं. मला माहीत होतं." आणि मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी जाऊ नका म्हणून सांगायला हवं होतं तिथे." ते ऐकून काका उठले आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मला ते सगळं घर असह्य झालं. मी चप्पल घातली आणि निघाले.

कायदा झाला. त्या दिवशी सभागृहात जी भाषणं झाली त्यांची टिपणं माझ्याकडे आहेत. नदी जनतेला परत दिली, असं चौघांनी म्हटलं, त्यात एक खडीसाखर होते. टेबलं वाजवली. टेबलं वाजवण्याचा तो आवाज मला हल्ली झोपेतही येतो आणि तोंडाला कडवट चव येते.

काकांनी मात्र माळ्यावरून जुन्या वह्यांच्या नकला काढल्या. एकतीस वर्षांच्या. तीन महिने ते रोज बेरजा करत बसले. ज्या माणसाने तापात चुकलेला एक आकडा लिहिला नाही तो आता सरासरी काढत होता. चष्म्याचा नंबर वाढला. शेवटी आकडा निघाला आणि त्यातून रेषा निघाली. वर्षातले बहुतेक दिवस पाणी पाचव्या पायरीला असतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, सगळे तक्ते जोडले, समितीला पाठवला. उत्तर आमच्याच विभागातून गेलं. दोन ओळींचं होतं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे, विषय बंद करण्यात आला आहे. ते माझ्या शेजारणीने टाइप केलं. मला दाखवलंही नाही, बहुधा दयेपोटी.

मग काकूच एक दिवस म्हणाली की पाण्यावर तर जाता येतं ना कायद्याने. मग जाऊ.

पुलाजवळ सार्वजनिक उतार आहे. तिथल्या नावाड्याला मी आठवडाभर मागे लागून तयार केलं. रविवारी सकाळी आम्ही काकूला खुर्चीसकट उतारावरून नावेत घेतलं, तिचे हाल झाले ते झाले, आणि अर्ध्या तासात वळणापाशी पोचलो. पायऱ्या तशाच होत्या. फक्त त्यांच्यावर आता कुंड्या ठेवल्या होत्या आणि वरती पांढऱ्या खुर्च्यांवर बसून माणसं नाश्ता करत होती. सगळं कसं टापटीप. मोडक्या नावेत बसलेल्या आम्हा चौघांकडे त्यांनी असं बघितलं की जणू नदीच आम्ही घाण केली.

नावाड्याने नाव तिरकी धरली, मी आणि काकांनी काकूला काखेत धरून पाण्यात सोडलं. ती नावेचा काठ धरून राहिली. तीन वर्षांनी तिच्या छातीला पाणी लागलं. तिने डोळे मिटले.

तेवढ्यात पायऱ्यांवर पहारेकरी आला. वाईट नव्हता, आमच्याच गल्लीच्या पलीकडचा, सरबत पिणाऱ्यांतला एक. त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. तो म्हणाला, "ताई, पाण्यात राहा, काही हरकत नाही. पण पाय टेकवायचे नाहीत. तळ साहेबांचा आहे." आणि त्याने कागद वाचून दाखवला. ती माझी ओळ होती. माझ्या बोटांनी टाइप केलेली, बिनचूक.

काकूने पाय वर घेतले. खरोखरच घेतले. साठ वर्षांची बाई, वाकडा खुबा, गुडघे पोटाशी ओढून, दोन्ही हातांनी नावेला लोंबकळत राहिली, आणि तिचे दंड थरथरायला लागले. वरती कोणीतरी चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मी आयुष्यात याहून घाणेरडं दृश्य पाहिलेलं नाही, आणि ते सगळं कायदेशीर होतं.

तेव्हा काका उठले. नाव डोलली, नावाडी ओरडला. काकांनी बूट काढले नाहीत, विजार वर केली नाही. नावेच्या काठावर एक पाय टाकला आणि धप्पकन पाण्यात उतरले. त्यांना पोहता येत नाही हे मला त्या क्षणी कळलं, कारण ते एकदम डोक्यापर्यंत गेले आणि खोकत वर आले. मग उभे राहिले. पाणी त्यांच्या छातीला होतं.

ते काकूला म्हणाले, "टेक पाय. मी धरलंय."

काकूने पाय टेकले. नावेचा काठ सोडला. आणि दोघं चालायला लागली. वीस पावलं तिकडे, वीस इकडे. पहारेकरी काठावरून त्यांच्या बरोबरीने चालत मोबाइलवर फोटो काढत होता, आणि वळायची वेळ आली की तोही वळत होता.

खाजगी जमिनीत शिरल्याबद्दल नोटीस दोघांच्या नावाने आली. सुनावणीला मी रजा टाकून गेले. काकूला जिना चढवत नव्हता, म्हणून ती खाली रिक्षातच बसली. सुनावणी घेणारा अधिकारी तरुण होता, घाईत होता. त्याने फोटो पुढे ठेवले आणि विचारलं, अमुक दिवशी सकाळी तुम्ही खाजगी जमिनीवर उभे होतात हे मान्य आहे का?

"नाही," काका म्हणाले.

"फोटोत तुम्हीच आहात ना?"

"मीच आहे."

"मग कुठे उभे होतात?"

"नदीत."

अधिकारी म्हणाला, ते झालं, पण नदीखाली जमीन कोणाची? काका म्हणाले की नदीखाली नदीच असते साहेब, मी एकतीस वर्षं बघितलीय. आणि कोणी विचारलं नसताना पाचव्या पायरीचा आकडाही सांगितला, मीटर आणि सेंटिमीटरमध्ये, आणि लिहून घ्या म्हणाले. अधिकाऱ्याने लिहिलं नाही. त्याने पुढची तारीख दिली. काका जाग्यावरून हलले नाहीत. लिहून घेतल्याशिवाय मी उठणार नाही, म्हणाले. शिपाई आला, दुसरा शिपाई आला. शेवटी सुनावणीची नोंद टाइप करणाऱ्या कारकून बाईचं लक्ष मी बसले होते तिकडे गेलं, तिने कागद ओढला आणि तो आकडा नोंदीत टाइप केला.